जिम्नीचं सस्पेन्शन 50 मिमीने उचलताना: पहिल्या मोजमापापासून शेवटच्या कागदापर्यंत

गाडी तीन दारांची सुझुकी जिम्नी, 2018 साली आलेली जेबी74 पिढी. लॅडर फ्रेमची चेसिस, पुढेमागे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा), चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग. कंपनीतून येताना जमिनीपासूनची उंची 210 मिमी, पुढचा चढकोन 37 अंश, मागचा 49 आणि पोटाखालचा 28 अंश. हे आकडे मुळातच चांगले आहेत. पण पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी), मागे अवजारांची पेटी आणि पाण्याचे कॅन असा भार कायमचा चढला की गाडी बसते, आणि खडकाळ वाटेवर ॲक्सल बंप स्टॉपवर (तो फार वर येऊ नये म्हणून लावलेल्या रबरी अडथळ्यावर) आदळू लागतो. म्हणून सस्पेन्शन 50 मिमीने उचलायचं ठरलं. ठरण्यापासून नोंदणीत बदल होईपर्यंत काही महिने गेले. प्रत्यक्ष पान्याचं काम त्यातलं थोड्या दिवसांचं. उरलेला वेळ मोजमाप, पार्टची वाट आणि कागदपत्रं यांत गेला. तो कुठे कुठे लागतो हे आधी माहीत असेल तर धास्ती बरीच कमी होते, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. सलग ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने चेसिस आणि बॉडी वर जाते, ॲक्सल आहे तिथेच राहतो. डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या घराच्या) पोटाखाली एक मिलिमीटरही जागा वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. जिम्नीच्या मूळ 195/80 आर15 टायरचा व्यास हिशेबाने 693 मिमी येतो. 215/75 आर15 घेतला तर 704 मिमी, म्हणजे डिफरन्शियलखाली जेमतेम 5 मिमी. 235/75 आर15 घेतला तर 733 मिमी, म्हणजे 20 मिमी. पण व्यास पावणेसहा टक्क्यांनी वाढला की गिअरिंगही तितकंच उंच होतं, आणि दीड लिटरच्या इंजिनाला चढावर ते लगेच जाणवतं. स्पीडोमीटर मुळात बिनचूक असेल तर काटा 80 वर असताना खरा वेग 85 च्या आसपास असतो. या गाडीला शेवटी 215/75 घातले. लिफ्टमधून हवी होती ती वर-खाली हालचालीला जागा, पोटाखालचा कोन आणि भार पेलायची ताकद. त्यासाठी हे टायर पुरेसे होते.

आधी मोजा

खरेदीच्या आधीचा पहिला आठवडा मोजमापात गेला. गाडी सपाट फरशीवर, टाकी पूर्ण भरलेली, टायरमध्ये ठरलेली हवा, आणि नेहमी सोबत असतं ते सगळं सामान गाडीत. उभी करण्याआधी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकलावी, म्हणजे बुशांत (सांध्यांमधल्या रबरी तुकड्यांत) अडकलेला ताण सुटतो. मग चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजावी. जमिनीपासून मोजू नये. टायर बदलला, हवा कमी-जास्त झाली की तो आकडा बदलतो. केंद्रापासूनचा बदलत नाही.

सोबत आणखी काही नोंदी घेतल्या: बंप स्टॉप आणि ॲक्सल यांमधली मोकळी जागा, पॅनहार्ड रॉडची (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) लांबी आणि त्याची दोन्ही टोकं जमिनीपासून किती उंचीवर आहेत, पुढच्या रेडियस आर्मची (ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्याची) लांबी, आणि दोन्ही बाजूंना टायरच्या बाहेरच्या कडेपासून चेसिसपर्यंतचं अंतर. अलाइनमेंटच्या दुकानातून कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) आणि टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळलेली आहेत) यांचे मूळ आकडे छापून घेतले. काम झाल्यावर स्टिअरिंग विचित्र वाटलं, तर तुलनेला हा एकच कागद हाताशी असतो. तो काही केल्या घ्याच.

मग वजन. स्प्रिंग निवडताना बहुतेकांचं लक्ष उंचीवर असतं, पण निर्णायक असतो तो स्प्रिंगचा ताठपणा. समजा मागच्या स्प्रिंगचा ताठपणा 20 न्यूटन प्रति मिमी आहे. एका स्प्रिंगवर 40 किलो कायमचे वाढले की ती बाजू साधारण 20 मिमी खाली बसते. म्हणजे 50 मिमीच्या लिफ्टमधले 20 सामानातच गेले. उलट, भारी सामानासाठी बनलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी 50 ऐवजी 70 मिमी वर जाते, खाली यायची हालचाल उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात ती उसळते. बंपर, विंच, रूफ रॅक, दुसरी बॅटरी यांतलं कायम गाडीवर काय राहणार आणि फक्त प्रवासात काय येणार, याच्या दोन वेगळ्या याद्या करा. स्प्रिंग पहिल्या यादीप्रमाणे घ्यायची. या गाडीला पुढे मध्यम भाराची आणि मागे हलक्या भाराची स्प्रिंग घेतली.

स्वस्त पर्याय म्हणून मूळ स्प्रिंगखाली ठोकळे, म्हणजे स्पेसर, घालता येतात. त्यांचा मी बराच विचार केला आणि ते सोडून दिले. ॲक्सल किती खाली लोंबू शकतो हे शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी ठरवते. मूळ शॉकअप तसेच ठेवून गाडी 50 मिमी उचलली, तर खाली जाण्याची हालचाल तेवढीच कमी होते. मग चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा शॉकअप टोकाला जाऊन खाडकन थांबतो. आवाज तर येतोच, शिवाय शॉकअपच्या आतला पिस्टन आणि वरचं माउंटिंग खराब होतं. बॉडी लिफ्ट हा आणखी वेगळा प्रकार: चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे. त्याने टायरला जागा मिळते, सस्पेन्शनला काहीच नाही.

ज्यांच्या गाडीला पुढे विशबोन आणि स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यांच्याकडे मर्यादा दुसरीकडून येते. तिथे गाडी उचलली की ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाकडे ताकद नेणाऱ्या, वाकू शकणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जातो. त्या गाड्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. इथून पुढचं सगळं सलग ॲक्सलबद्दल आहे.

पैसे देण्याआधीचे कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण पार्ट विकत घेण्याआधीच पार पाडायला हवा. नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम ठेवला. जर्मनीत पार्टसोबत मान्यताप्राप्त तपासणी अहवाल मिळतो, आणि गाडी तपासून घेऊन तो बदल कागदावर चढवता येतो. तुमची गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे काय चालतं, हे लेखी विचारा. तोंडी 'चालतं हो सगळं' हे अपघातानंतर कामाला येत नाही.

माझ्या अर्जात तीन गोष्टी होत्या: काय बदलणार याचं एका पानाचं वर्णन पार्ट नंबरसह, उत्पादकाचं प्रमाणपत्र (त्यात गाडीचं मॉडेल, कमाल उंचीवाढ आणि ॲक्सलवरचा भार लिहिलेला असावा), आणि टायरचा आकार व भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा). विमा कंपनीला वेगळं पत्र पाठवलं आणि 'बदल मान्य, पॉलिसी लागू' असं लेखी उत्तर मागितलं. नोंदणी कार्यालयाकडून उत्तर यायला काही आठवडे लागले, विमा कंपनीला त्याहून जास्त. ही दोन्ही पत्रं हातात येईपर्यंत ऑर्डर दिली नाही. 75 किंवा 100 मिमीचा विचार इथेच मागे पडला, कारण 50 च्या पुढे कागदही अवघड होतात आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा).

किट म्हणजे अर्धीच खरेदी

चार स्प्रिंग आणि चार शॉकअप एवढ्यालाच किट म्हणून विकलं जातं. माझ्या एकूण खर्चात त्यांचा वाटा साधारण निम्माच होता. उरलेला निम्मा बाकीच्या गोष्टींवर गेला: कॅस्टर सुधारणारे बुश, पुढचा आणि मागचा लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड, लांब ब्रेक होज, बंप स्टॉपचे स्पेसर, पुढच्या स्टॅबिलायझर बारच्या (वळणात झुकणं रोखणाऱ्या दांड्याच्या) लांब लिंक, नवे बोल्ट-नट, प्रेसची मजुरी, अलाइनमेंट आणि तपासणीची फी. बजेट ठरवताना किटच्या किमतीच्या दुप्पट धरा, म्हणजे मध्येच हात आखडावा लागणार नाही.

स्प्रिंग आणि शॉकअप लवकर आले, कॅस्टरचे बुश सर्वात उशिरा. शेवटचा पार्ट हातात येईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नये. कॅस्टर न सुधारता चार दिवस चालवायची म्हटली तरी ती गाडी रस्त्यावर धोकादायक असते. वाट पाहण्याच्या दिवसांत दोन कामं केली. चेसिसखालच्या सगळ्या बोल्टांवर रोज गंजतेल मारलं, आणि प्रत्येक नव्या पार्टवर कोरलेल्या नंबराचा फोटो काढला. गाडीला बसल्यावर ते नंबर दिसत नाहीत आणि तपासणीच्या वेळी नेमके तेच मागतात.

स्प्रिंगच्या खोक्यात डावी-उजवी अशी खूण असेल तर ती पाहून घ्या. बऱ्याच किटमध्ये चालकाच्या बाजूची स्प्रिंग काही मिलिमीटर उंच असते.

मागची बाजू

मागून सुरुवात करावी. काम सोपं असतं आणि हात बसतो. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, चेसिस उचलून ती भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली, आणि ॲक्सलखाली वेगळा ट्रॉली जॅक लावला. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

सोडायचा क्रम असा: ब्रेक होज आणि एबीएस वायरचे चेसिसवरचे क्लॅम्प, ॲक्सलच्या ब्रीदर नळीचा (आतली हवा बाहेर-आत होऊ देणाऱ्या नळीचा) क्लॅम्प, पॅनहार्ड रॉडचं ॲक्सलकडचं टोक, आणि सगळ्यात शेवटी शॉकअपचे खालचे बोल्ट. त्यानंतर जॅक हळूहळू उतरवायचा आणि नजर ब्रेक होजवर ठेवायची. होज ताणला जातोय असं वाटलं की थांबायचं. ॲक्सल पुरेसा खाली आला की स्प्रिंग हाताने निघते, इथे स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागत नाही. पहिल्या वेळी ॲक्सल असा मोकळा लोंबताना पाहून पोटात गोळा येतो. ट्रेलिंग आर्म त्याला धरून असतात, पण आडवं धरणारं काही उरत नाही, म्हणून एक माणूस त्याला हात लावून असावा.

नवी स्प्रिंग घालण्याआधी एक तपासणी आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी वगळली जाते. स्प्रिंग न घालता, बंप स्टॉपचे स्पेसर लावून, ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्यायचा आणि शॉकअपच्या दोन माउंटिंगमधलं अंतर मोजायचं. हे अंतर नव्या शॉकअपच्या पूर्ण मिटलेल्या लांबीपेक्षा किमान 10-15 मिमी जास्त हवं. कमी भरलं तर जोरदार आदळ बंप स्टॉपऐवजी शॉकअप घेईल आणि काही महिन्यांत त्याची सील जाईल. या गाडीत मागे स्पेसर न लावता अंतर कमी पडत होतं. लावल्यावर बरोबर आलं. एकाच वेळी एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी खाली असंही करून पाहिलं, कारण सलग ॲक्सल तिरका होतो तेव्हा होज आणि वायरीवरचा खरा ताण दिसतो.

स्प्रिंग बसवताना तिच्या गुंडाळीचं मोकळं टोक खालच्या बैठकीतल्या अडथळ्याला टेकलं पाहिजे. अर्धा इंच इकडेतिकडे राहिलं तर पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग फिरून जागेवर बसते आणि ती बाजू थोडी खाली येते. वरचं रबर जुनं पण चांगलं असेल तर तेच वापरा, चिरलेलं असेल तर बदला. गॅसचा शॉकअप बांधलेल्या पट्ट्यासकट जागेवर न्यायचा आणि बोल्ट अडकवल्यावरच पट्टा कापायचा. नट घट्ट करताना त्याचा चकचकीत दांडा पक्कडीने कधीही धरू नये. तिथला एक ओरखडा सील कापायला पुरतो.

सगळे बोल्ट या टप्प्यावर फक्त हाताने लागतील तेवढेच. याचं कारण पुढे येतं.

पुढची बाजू आणि कॅस्टर

पुढे सोडण्याचा क्रम जवळपास तोच, जोडीला स्टॅबिलायझर बारच्या लिंक. खरा विषय इथे कॅस्टरचा आहे. रेडियस आर्म ॲक्सलला दोन बुशांनी पक्का जोडलेला असतो आणि मागचं टोक चेसिसला. चेसिस वर गेली की आर्म तिरका होतो आणि सोबत पूर्ण ॲक्सल फिरतो. किती फिरतो हे साध्या भूमितीने काढता येतं: आर्म 800 मिमी लांब आणि उचल 50 मिमी असेल तर सुमारे साडेतीन अंश. आर्म जितका आखूड तितका हा कोन मोठा. मूळ कॅस्टरच काही अंशांचा असतो, त्यातून एवढा गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भरकटते आणि वेगात हलकी वाटते. लिफ्ट केल्यावर 'गाडी घाबरवते' असं जे लोक सांगतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय तीन आहेत: मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचे बुश, आर्मच्या माउंटिंगवर लावायच्या प्लेट, किंवा कोन सुधारलेले नवे आर्म. 50 मिमीपर्यंत बुश पुरतात. जुने बुश काढायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने ते निघतात, पण आर्मचं घर वाकतं, म्हणून तो मार्ग नको. नवे बुश दाबण्याआधी प्रत्येकावरची खूण आर्मच्या रेषेशी जुळवून रंगाने रेघ ओढली. छिद्र उलट्या बाजूला गेलं तर कॅस्टर सुधारण्याऐवजी आणखी घटतो, आणि बुश पुन्हा काढताना हमखास फाटतो. रबरी बुश दाबताना साबणाचं पाणी वापरावं, ग्रीस नाही. पॉलियुरेथेनच्या बुशांना मात्र सिलिकॉन ग्रीसच लागतं.

एका वेळी एकच आर्म सोडायचा. दोन्ही सोडले तर ॲक्सल जॅकवर गोल फिरतो आणि परत जुळवताना सगळा दिवस जातो.

इथे एक तडजोड करावी लागते. कॅस्टर वाढवण्यासाठी ॲक्सल मागे कलला की डिफरन्शियलचं मागे पाहणारं पिनियनचं (शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरचं) तोंड खाली जातं, आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या सांध्याचा) कोन वाढतो. म्हणजे कॅस्टर पूर्ण परत मिळवला तर शाफ्ट थरथरतो, शाफ्ट सरळ ठेवला तर स्टिअरिंग सैल. जिम्नीसारख्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह गाडीत टू व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट फिरत नाही, आणि फोर व्हील वापरायचा तो बहुधा कमी वेगात. म्हणून कौल कॅस्टरच्या बाजूने दिला. कायम फोर व्हील असलेल्या गाडीत हा निर्णय इतका सोपा नाही.

ब्रेक होज पुढे दोन आणि मागे चेसिसवरून ॲक्सलला येणारा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, चाक पूर्ण लोंबलेलं असताना जुना होज तारेसारखा ताणला जात होता. बदलताना तांब्याच्या वॉशर नव्याच घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. नंतर हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून. काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. तुमच्या गाडीत तो असेल तर त्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

जमिनीवर उतरल्यावर

चाकं लावून गाडी खाली घेतली, थोडी पुढेमागे ढकलली, बंपरवर चढून दोन-चार वेळा दाबली. आता बोल्ट घट्ट करायचे, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे. रबरी बुशाचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, त्यामुळे बोल्ट घट्ट झाला की ती स्थिती रबराची शून्य स्थिती होते. ॲक्सल लोंबत असताना घट्ट केलं, तर गाडी खाली येताच प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. त्यामुळे गाडी खोटी उंच दिसते, चाल कडक होते आणि काही हजार किलोमीटरमध्ये बुश फाटतात.

पॅनहार्ड रॉड या टप्प्यावर जुळवला. गाडी उचलली की तिरका झालेला रॉड ॲक्सलला त्याच्या चेसिसकडच्या माउंटिंगच्या बाजूला ओढतो. 900 मिमीचा रॉड आधी 60 मिमी तिरका असेल, तर 50 मिमी उचलल्यावर ॲक्सल साधारण 5 मिमी सरकतो. पुढचा आणि मागचा रॉड विरुद्ध बाजूंना बांधलेले असतील तर दोन्ही ॲक्सल उलट दिशांना सरकतात आणि गाडी किंचित तिरकी चालते. सुरुवातीला घेतलेली टायर-चेसिस अंतरं इथे कामी आली. रॉडची लांबी फिरवत दोन्ही बाजू समान केल्या आणि लॉकनट आवळले. पुढे आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) एकमेकांना समांतर हवेत. एकाचंच माउंटिंग खाली आणलं तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलतं. या गाडीत माउंटिंग हलवलं नाही, फक्त लांबी बदलली, त्यामुळे समांतरपणा टिकला.

अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सावकाश नेली. स्टिअरिंग व्हील एका बाजूला फिरलेलं होतं. हे अपेक्षितच असतं; ड्रॅग लिंकची लांबी बदलून ते मध्यावर येतं. टो-इन मूळ मर्यादेत आणलं. कॅस्टर पूर्वीपेक्षा अर्ध्या अंशाहून कमी फरकाने आला. तिथेच स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घेतला, नाहीतर स्थिरता यंत्रणा सरळ रस्त्यावरही गाडी वळते आहे असं समजते. काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असलेल्या गाड्यांना त्यांचंही कॅलिब्रेशन लागतं.

हेडलाइट विसरू नका. पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त 10 मिमी जास्त उचलली गेली, तरी 2250 मिमीच्या व्हीलबेसमुळे 25 मीटरवर झोत 11 सेंटिमीटर वर जातो. समोरच्याचे डोळे दिपवायला तेवढं पुरतं.

चालवून पाहणं

पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने, खिडक्या उघड्या ठेवून. कान महत्त्वाचे. खड्ड्यात एकच 'टक' आली तर शॉकअपचं वरचं माउंटिंग सैल. वळताना किंवा ब्रेक मारताना 'टक' आली तर पॅनहार्ड किंवा आर्मचा बोल्ट. ठराविक वेगाला, पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर थरथर आली तर मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे कोन जुळत नाहीत. मागे वळवत रिव्हर्स घेताना टायर घासतो का ते पाहा. पुढे जाताना न घासणारा टायर तिथे बरेचदा लागतो.

साठ-सत्तरच्या वेगात एखाद्या धक्क्यानंतर पुढची दोन्ही चाकं जोरात लटपटू लागली, तर हळूहळू ब्रेक लावून थांबायचं आणि गाडी तशी चालवायची नाही. सलग ॲक्सलच्या गाड्यांचा हा ओळखीचा आजार आहे. पॅनहार्डचे बुश, किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचे) बेअरिंग, टाय रॉडचे सांधे, टो-इन, टायरचं बॅलन्सिंग, या क्रमाने शोधा. जाड स्टिअरिंग डॅम्पर लावून लक्षण दबतं, सैल सांधा तसाच सैल राहतो. या गाडीला तसं काही झालं नाही; बेअरिंग आधीच तपासून घेतले होते.

बॉडी वर गेल्याने वळणात ती जास्त झुकते. स्टॅबिलायझरच्या लिंक लांब केल्या की बारचा कोन परत येतो आणि झुकणं बरंच आटोक्यात राहतं, पण गुरुत्वमध्य वर गेला तो गेलाच. पहिले काही आठवडे घाटातला वेग जाणूनबुजून कमी ठेवला.

नव्या स्प्रिंग लगेच बसत नाहीत. सुरुवातीला गाडी मूळ उंचीपेक्षा 58 मिमी वर होती. हजार किलोमीटरनंतर 52 वर स्थिरावली. सगळे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरला आणि पुन्हा हजारला टॉर्क पान्याने तपासले. दोन्ही वेळा थोडे फिरले. प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवली की पुढे नुसतं पाहूनही कळतं.

स्प्रिंग स्थिरावल्यावरच तपासणीची वेळ घेतली. आधी घेतली असती तर नोंदलेली उंची पुढे बदलली असती. तपासणाऱ्याने पार्ट नंबरचे फोटो प्रमाणपत्राशी ताडले, चारही उंच्या मोजल्या, एक चाक रॅम्पवर चढवून होजचं अंतर पाहिलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर तपासला आणि ब्रेकची चाचणी घेतली. अलाइनमेंटचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही कागद सोबत नेले होते; ते पाहिल्यावर कॅस्टरबद्दल वेगळा प्रश्न आला नाही. अहवाल मिळाला, नोंदणीत बदल चढला, आणि त्याची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर शेरा घेतला. हा शेरा यायलाही वाट पाहावी लागली, आठवण करणारी पत्रं पाठवावी लागली. या सगळ्या कागदांच्या प्रती गाडीतच ठेवल्या आहेत.

मूळ स्प्रिंग, शॉकअप, पॅनहार्ड रॉड आणि स्टॅबिलायझरच्या लिंक पुसून, तेल लावून, डावं-उजवं लिहून ठेवून दिल्या. गाडी विकताना किंवा दुसरीकडे नोंदवताना मूळ अवस्था मागितली जाऊ शकते. दर सर्व्हिसला आता यादीत चार कामं वाढली आहेत: पॅनहार्डचे लॉकनट, कॅस्टर बुशांना चिरा आहेत का, शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओलावा आहे का, आणि चार कोपऱ्यांची उंची. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा 10 मिमीहून जास्त बसलेला दिसला, तर आधी त्या स्प्रिंगची बैठक आणि वरचं रबर पाहा. स्प्रिंगला दोष त्यानंतर द्यावा.